बँकेची जप्तीची नोटीस आलीय? घर वाचवायला कुठे जायचं, कोणाकडे आणि किती दिवसांत

गेल्या वर्षी ताईच्या घरी टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये मला बँकेची तीन पाकिटं सापडली, तिन्ही रजिस्टर एडीची आणि तिन्ही न फोडलेली. दाजींची चाकणची नोकरी जाऊन सात महिने झाले होते, हप्ता २१,४०० चा, पाच हप्ते थकलेले, आणि पोस्टमन आला की दाजी सही करून पाकीट गुपचूप आत सरकवायचे कारण फोडलं की ताईला सांगावं लागणार. तिसरं पाकीट फोडलं तर आत सरफेसी कायद्याच्या, म्हणजे कोर्टात न जाता तारण घर ताब्यात घेऊन विकायची मुभा बँकेला देणाऱ्या कायद्याच्या, कलम १३(२) ची नोटीस. साठ दिवसांची मुदत आणि त्यातले एकेचाळीस दिवस त्या ड्रॉवरमध्येच गेलेले. उरले एकोणीस. त्या एकोणीस दिवसांत आम्ही जे शिकलो आणि नंतर ओळखीतल्या दोन-तीन घरांसाठी पळापळ करताना जे कळत गेलं ते इथे लिहितोय, कुणाच्या तरी उपयोगी पडावं म्हणून.

पहिलं काम, पाकीट फोडा. आत्ता. नोटिशीवरची तारीख बघा आणि कॅलेंडरवर साठ दिवस मोजून लाल पेनाने खूण करा, कारण इथून पुढे सगळा खेळ दिवसांचा आहे.

एक शब्दाचा घोळ आधीच सोडवतो. इंटरनेटवर 'फोरक्लोजर' शोधलं की घर जप्त होण्याबद्दल बरंच सापडतं, पण ते बहुतेक अमेरिकेतलं असतं. आपल्याकडच्या बँकेत फोरक्लोजर म्हणजे मुदतीआधी सगळं कर्ज फेडून खातं बंद करणं. कस्टमर केअरला फोन करून फोरक्लोजर म्हणालात तर ते तुम्हाला एकरकमी किती भरायचे त्याचं लेटर पाठवतील, बस. तुम्ही थेट 'थकबाकी' आणि 'सरफेसी नोटीस' हे शब्द वापरा म्हणजे फोन रिकव्हरीच्या माणसाकडे जातो.

आता सगळे विचारतात तो प्रश्न, सरकार आपले थकलेले हप्ते भरतं का. नाही. खोटी आशा लावत नाही. अमेरिकेत कोरोनानंतर २०२१ मध्ये तिथल्या सरकारने अशा घरमालकांसाठी जवळपास दहा अब्ज डॉलरचा निधी काढला होता, आपल्याकडे तशी योजना नाहीये. आपल्याकडे २०२० मध्ये मार्च ते ऑगस्ट मोरॅटोरियम, म्हणजे हप्ते पुढे ढकलायची सवलत, मिळाला होता, तो संपला. प्रधानमंत्री आवास योजनेतली व्याजाची सबसिडी घर घेताना मिळते, बुडणाऱ्या खात्याला वाचवायला नाही. त्यामुळे 'सरकारी योजनेतून तुमचं होम लोन माफ करून देतो' असा मेसेज आला तर तो फसवणुकीचाच समजा. पण मग काहीच मदत नाही का, तर आहे, फक्त ती रोख पैशात नाही. फुकट वकील आहे, फुकट तक्रार करायची जागा आहे, तडजोडीचं व्यासपीठ आहे आणि कायद्याने दिलेले ठरावीक दिवस आहेत, हे सगळं वेळेत वापरलं तर घर वाचतं किंवा निदान मातीमोल भावाने जात नाही.

ज्यांचा एखाद-दुसराच हप्ता चुकलाय त्यांच्यासाठी आधी. थकबाकी ९० दिवसांच्या पुढे गेली की खातं एनपीए होतं, म्हणजे बँक ते थकीत कर्जांत धरते, आणि त्यानंतरच सरफेसीची नोटीस येऊ शकते. म्हणजे तुमच्याकडे तीन महिने आहेत आणि याच तीन महिन्यांत बँक सगळ्यात जास्त ऐकते, कारण तुमचं खातं एनपीए होऊ नये असं ब्रँच मॅनेजरलाही वाटत असतं. जाऊन भेटा, नोकरी गेल्याचं पत्र, दवाखान्याची बिलं, जे असेल ते सोबत न्या आणि लेखी अर्ज द्या की मुदत वाढवून हप्ता कमी करा किंवा कर्जाची पुनर्रचना करा. तोंडी बोलणं हवेत जातं. अर्जाच्या दोन कॉपी काढायच्या, एक द्यायची आणि दुसरीवर इनवर्डचा शिक्का, तारीख आणि सही घ्यायची. तुमच्या भागात पूर किंवा तशी आपत्ती झाली असेल आणि सरकारने ती जाहीर केली असेल तर अर्जात ते जरूर लिहा, अशा भागातल्या कर्जांना सवलत देण्याबाबत रिझर्व्ह बँकेचे वेगळे निर्देश आहेत.

आणि एक गोष्ट जी लोक दुःखात पार विसरतात. कर्ज ज्याच्या नावावर होतं तो माणूसच गेला असेल तर आधी कर्जाच्या फायलीत विमा शोधा. होम लोन देताना बऱ्याचदा सोबत लोन प्रोटेक्शनचा विमा गळ्यात मारलेला असतो, त्याचा प्रीमियम कर्जातच मिळवलेला असतो आणि घरच्यांना पत्ताच नसतो. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंच्या बाबतीत असंच झालं, काका गेले, काकू पेन्शनमधून हप्ते भरत राहिल्या, आठ महिन्यांनी मुलाने सँक्शन लेटर नीट वाचलं तेव्हा विमा निघाला. सँक्शन लेटर, डिस्बर्समेंटचा हिशोब आणि खात्याचं पहिल्या महिन्याचं स्टेटमेंट, या तीन कागदांत प्रीमियमची रक्कम दिसते.

आता नोटीस आलेल्यांसाठी. कलम १३(२) ची नोटीस म्हणजे जप्ती नव्हे, ती मागणीची नोटीस असते, साठ दिवसांत पैसे भरा नाहीतर पुढची कारवाई करू असं सांगणारी. या साठ दिवसांत तुम्हाला कलम १३(३अ) खाली लेखी हरकत घेता येते आणि बँकेला १५ दिवसांत तुम्हाला कारणांसकट उत्तर द्यावंच लागतं. हा हक्क बहुतेक लोक वापरतच नाहीत! २००४ साली सुप्रीम कोर्टाने सरफेसी कायदा वैध ठरवला तेव्हाच सांगितलं होतं की बँकेने कर्जदाराचं म्हणणं विचारात घेऊन उत्तर दिलं पाहिजे, मग कायद्यात ही तरतूद आली. पत्रात रडगाणं नको आणि भांडणही नको. आमच्या पत्रात चारच गोष्टी होत्या. नोकरी कधी गेली, आत्ता किती भरू शकतो आणि कोणत्या तारखेला, स्टेटमेंटमधल्या कोणत्या आकड्यांवर हरकत आहे, आणि हिशोबाचा तपशील मिळावा. दाजींनी ते फुलस्केपवर हाताने लिहिलं, मी टाइप केलं, एक ब्रँचला, एक नोटिशीवर सही असलेल्या अधिकृत अधिकाऱ्याला रजिस्टर एडीने आणि तेच पीडीएफ ईमेलने.

त्या आकड्यांवर जरा थांबतो कारण आमचं खरं काम तिथेच झालं. स्टेटमेंट मागवा आणि ओळ न् ओळ वाचा, पेन्सिल घेऊन. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितलंय की हप्ता चुकला तर बँक दंडात्मक शुल्क लावू शकते पण दंडव्याज लावू शकत नाही आणि त्या शुल्कावर परत व्याज चढवायचं नाही, हे चालू कर्जांना २०२४ पासून लागू झालं. आमच्या स्टेटमेंटमध्ये दंडाची रक्कम मुद्दलात ढकलून त्यावर व्याज लागत होतं. शिवाय चेक बाउन्सचे चार्जेस एका महिन्यात दोनदा. सगळं मिळून नऊ हजारांच्या आसपास. बावीस लाखांच्या कर्जात नऊ हजार म्हणजे काही नाही असं वाटेल, पण ते लेखी दाखवल्यावर समोरच्या अधिकाऱ्याचा आवाजच बदलला, आम्हाला बसायला सांगितलं, आणि बोलणी सुरू झाली.

साठ दिवसांत काहीच झालं नाही तर कलम १३(४) येतं. बँकेचे लोक दारावर ताबा नोटीस चिकटवतात आणि सात दिवसांच्या आत दोन वर्तमानपत्रांत छापतात, त्यातलं एक मराठी. तुमचं नाव, फ्लॅट नंबर, रक्कम, सगळं छापून येतं. शेजारी वाचतात, व्हॉट्सअॅपवर फिरतं, आणि इथे माणूस मनाने खचतो. पण याला सांकेतिक ताबा म्हणतात, तुम्ही अजून घरातच असता आणि तुमचा पुढचा हक्क इथूनच सुरू होतो. या कारवाईपासून ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, कलम १७ खाली अर्ज करता येतो. महाराष्ट्रात डीआरटी मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. दिवाणी कोर्टात जाऊ नका, सरफेसीच्या बाबतीत दिवाणी कोर्टाला अधिकारच नाही, लोक तिथे दावा टाकून बसतात आणि ४५ दिवस निघून जातात. हायकोर्टही सहसा आधी डीआरटीला जा असंच म्हणतं. अर्जाची फी कर्जाच्या रकमेवर असते, दहा लाखांपर्यंत लाखाला ५०० रुपये आणि त्यापुढे ५,००० अधिक वरच्या प्रत्येक लाखाला २५०, म्हणजे बावीस लाखांना साधारण आठ हजार. आणि हे नीट लक्षात ठेवा की नुसता अर्ज टाकला म्हणून कारवाई थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते आणि स्थगिती देताना बहुतेक वेळा काही रक्कम भरायला सांगतात, ती तयारी ठेवूनच जायचं. तिथे हरलात तर ३० दिवसांत अपील आहे पण त्यासाठी निम्मी रक्कम जमा करावी लागते, फार तर ती पंचवीस टक्क्यांपर्यंत कमी होते, त्यामुळे खरी लढाई पहिल्याच पायरीवर लढायची.

वकिलाचे पैसे कुठून आणायचे हा पुढचा प्रश्न आणि इथे खरी सरकारी मदत आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तालुक्याच्या कोर्टात त्याची समिती असते. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि कारखान्यातले कामगार यांना उत्पन्न कितीही असलं तरी वकील मोफत मिळतो, बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख आहे. नोकरी गेलेल्या माणसाचं उत्पन्न बहुतेक वेळा त्यात बसतं. आमच्या केसमध्ये ताई सहकर्जदार होती, म्हणून तिच्याच नावाने अर्ज केला, उत्पन्नाचा प्रश्नच आला नाही. कायद्यात न्यायाधिकरणंही धरलेली आहेत त्यामुळे 'आम्ही फक्त कोर्टाची कामं बघतो' असं कोणी म्हणालं तर नम्रपणे परत विचारा. हेल्पलाइन १५१००. फॉर्म एक पानाचा, सोबत आधार आणि नोटिशीची कॉपी नेली की काम होतं.

तिथेच लोक अदालतीचंही विचारून घ्या. राष्ट्रीय लोक अदालत वर्षातून चार वेळा भरते, बँकांची थकबाकी प्रकरणं तिथे ढिगाने येतात आणि त्या दिवशी सही करायचे अधिकार असलेला बँकेचा माणूस समोर बसलेला असतो, जो एरवी तुम्हाला सहा महिने भेटणार नाही. तडजोड झाली तर तो निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नसतं. म्हणून भरता येणार नाही असा आकडा भावनेच्या भरात कबूल करू नका.

एकरकमी तडजोड, ज्याला सगळे ओटीएस म्हणतात, ती बँकेच्या मर्जीवर असते. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलंय की ओटीएस हा कर्जदाराचा हक्क नाही. पण रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या चौकटीप्रमाणे प्रत्येक बँकेला तडजोडीचं मंजूर धोरण असावं लागतं, तेव्हा 'तुमच्या धोरणात माझं प्रकरण बसतं का' असं लेखी विचारायचं. ओटीएस झालं की सिबिलमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या रेकॉर्डमध्ये, 'सेटल्ड' दिसतं आणि पुढची बरीच वर्षं कर्ज मिळणं अवघड जातं. घर राहणार असेल तर मी ते पत्करेन, पण माहिती असावी.

तुम्ही स्वतःहून ताबा दिला नाही तर प्रत्यक्ष ताबा घ्यायला बँकेला सहसा कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांचा किंवा मॅजिस्ट्रेटचा आदेश लागतो, मग तहसीलदार किंवा मंडल अधिकारी पोलिसांसोबत येतात. आदेशाशिवाय नुसते रिकव्हरीवाले येऊन कुलूप लावायला लागले तर दार उघडू नका, १०० किंवा ११२ ला फोन करा आणि व्हिडिओ काढा. आदेश असेल तर मात्र अडवाअडवी करू नका, केस वाढते. त्या दिवशी पंचनामा आणि सामानाची यादी होते, त्याची कॉपी मागून घ्या. औषधं, मुलांची दप्तरं, कागदपत्रं, दागिने आदल्या दिवशीच हलवा.

लिलावाच्या आधी तुम्हाला ३० दिवसांची विक्री नोटीस यावी लागते आणि मान्यताप्राप्त मूल्यांकन करून राखीव किंमत, म्हणजे लिलावातली कमीत कमी किंमत, ठरवावी लागते. किंमत फार कमी लावली असेल तर लगेच लेखी हरकत घ्या, स्वतः व्हॅल्युएशन करून जोडा. इथली सगळ्यात महत्त्वाची तारीख मी जाड अक्षरात लिहिली असती. लिलावाची जाहिरात प्रसिद्ध झाली की पैसे भरून घर सोडवून घ्यायचा तुमचा हक्क संपतो. पूर्वी शेवटच्या क्षणापर्यंत भरता यायचं, २०१६ च्या दुरुस्तीनंतर तसं राहिलं नाही आणि सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये मुंबईच्या एका कंपनीच्या प्रकरणात यावर शिक्कामोर्तब केलं. 'लिलावाच्या आदल्या दिवशी भरू' म्हणणाऱ्या कोणाचंही ऐकू नका.

हप्ते पुढे झेपणारच नाहीत हे आतून कळलेलं असेल तर घर स्वतः विका, बँकेला विकू देऊ नका. नोटीस आल्यावर बँकेच्या लेखी परवानगीशिवाय विकता येत नाही हे खरं, पण बँका ही परवानगी बऱ्याचदा देतात कारण त्यांनाही लिलावाचा व्याप नको असतो. बाजारभाव आणि लिलावाचा भाव यात लाखांचा फरक पडतो आणि तो फरक तुमच्या मुलांच्या फीचा आहे. लिलाव झालाच तर कर्ज आणि खर्च वजा जाता उरलेली रक्कम तुम्हाला परत मिळाली पाहिजे, कायद्यात तसं लिहिलंय, ती आपणहून येत नाही म्हणून हिशोब लेखी मागा.

पतसंस्थेचं कर्ज असेल तर वाट वेगळी. सहकारी बँकांना सरफेसी लागू आहे, कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या खटल्यात २०२० च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी तसा निकाल दिलाय. पण पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली सहकार खात्याच्या निबंधकांकडून वसुली दाखला आणते आणि मग वसुली अधिकारी जप्ती करतो. दाखला निघण्याआधी निबंधकांसमोर सुनावणी असते, तिला हजर राहा, कारण दाखला निघाल्यावर त्याविरुद्ध पुनरीक्षण, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडे दाद, मागायची तर निम्मी रक्कम भरावी लागते. आणि तारण म्हणून शेतजमीन दिली असेल तर तिच्यावर सरफेसीची कारवाई चालत नाही, हे उत्तरात पहिल्या ओळीत लिहा.

वसुलीवाल्यांचं थोडक्यात. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, नातेवाइकांना, शेजाऱ्यांना फोन करून बदनामी करता येत नाही, ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र दाखवावं लागतं. कोणी त्रास दिला तर आधी बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवर मोफत तक्रार करता येते, चौकशीसाठी नंबर १४४४८. हाऊसिंग फायनान्स कंपनीचं कर्ज असेल तर नॅशनल हाऊसिंग बँकेचं ग्रिड्स नावाचं पोर्टल आहे. फक्त तक्रार केली म्हणून लिलावाचं घड्याळ थांबत नाही, डीआरटीचे दिवस वेगळे मोजत राहायचे. आणि रोख पैसे कोणाच्याही हातात नाही, अगदी बँकेचं आयकार्ड घातलेल्या माणसाच्याही नाही. थेट कर्ज खात्यात भरा आणि पावती फायलीत लावा. 'साहेबांशी ओळख आहे, दीड लाखात स्टे आणून देतो' म्हणणारे डीआरटीच्या बाहेर भेटतात, त्यांना नमस्कार करून पुढे चला.

आमचं काय झालं ते सांगतो. एनपीए झालेलं खातं परत नियमित करायचं तर सगळी थकबाकी भरावी लागते, थोडी भरून चालत नाही. ताईने पाटल्या मोडल्या नाहीत, त्यावर गोल्ड लोन काढलं, दाजींच्या भावाने चाळीस हजार दिले आणि बँकेने चूक मान्य करून कमी केलेली रक्कम वजा करून पाच हप्ते छप्पन्नाव्या दिवशी भरले. त्यानंतरही मी दाजींना दोनदा ब्रँचमध्ये पाठवलं, कारण पैसे भरल्यावर नोटीस मागे घेतल्याचं पत्र आपण मागितल्याशिवाय कोणी देत नाही आणि ते नसेल तर सहा महिन्यांनी नवीन अधिकारी जुनीच फाईल उघडून पुढची पायरी सुरू करू शकतो. ते पत्र आलं, दाजींनी ते वाचून ताईच्या हातात दिलं, आणि आता बँकेचं कुठलंही पाकीट आलं की ताईच फोडते.